शालिनीच्या नावाचे मिलानचे पत्र

हे मी कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही, वकिलालाही सांगितलेले नाही — तुम्हालाच प्रथम सांगतो. माझ्या शिस्तीप्रमाणे मांडतो. माझे पहिले पत्र गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, स्मरणपत्र पोळ्यानंतर, नोटीस दसऱ्याच्या आधी. जबाबदार: एक, मिलानचा नामवंत फॅशन डिझायनर, दोन, त्याची कंपनी. तिसरे नाव मी नऊ वर्षे गाळले.

माझी धाकटी बहीण शालिनी अमरावतीत आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवते. वऱ्हाडचा कापूस पाहायला आलेला तो डिझायनर तिच्याकडून बाह्यांच्या दोन बंड्या शिवून घेऊन गेला. पुढे एका मासिकात त्याच्या कोटाचा फोटो दिसला — बगलेत शालिनी लावते तोच चौकोनी तुकडा, हात वर केला तरी कापड ओढू न देणारा. चोरी! माझे डोके फिरले. शालिनी हसली.

"भाऊ, कायले भांडून राहिले? चोरल्या नाही त्यानं, विकत नेल्या. आता काय इटलीले तारखेवर जाता?"

मी ऐकले नाही. अकरा पत्रे लिहिली.

उत्तर आले. हे — हेच सांगायचे आहे. शालिनी एका लग्नासाठी अकोल्याला गेली होती. रजिस्टर पत्र तिच्या नावाचे. सही मी केली, फोडलेही मीच. कोणत्या अधिकाराने?

त्याने आपले सारे आयुष्य लिहिले होते. आई लोकांच्या कोटांना अस्तर शिवायची. चौदाव्या वर्षी तो एका शिंप्याकडे इस्त्रीला उभा राहिला, मग कापायला शिकला. पहिल्या प्रदर्शनाचे कोट आईनेच शिवले. नाव झाले, दुकाने झाली. पण बाही कधी मनासारखी बसेना. 'ती मला तुमच्या बंडीने शिकवली. तुमची परवानगी आली की तुमचे नाव जाहीर करीन. सहा महिने या, माझ्या कारागिरांना शिकवा.' माझ्या अकरा पत्रांबद्दल एकच ओळ: 'तुमच्या भावाचा राग मला समजतो.'

मी जिंकलो होतो ना? मग पत्र पुन्हा पाकिटात का घातले? बोलावणे तिला होते, मला नव्हते — म्हणून. ती गेली तर माझी दोन वेळची भाकर कोण टाकणार — होय, तेही मनात आले. पत्र फायलीत गेले.

ती परतली. "आलं का काही तुमच्या इटलीवाल्याचं?"

"नाही," मी म्हणालो.

गेल्या महिन्यात तो वारल्याची बातमी तिनेच वाचून दाखवली. चष्मा काढून म्हणाली, "चांगला माणूस होता, भाऊ. माप देताना लेकरावानी उभा राहिला होता. पण एक चिठ्ठी तरी लिहाची होती त्यानं मले."

"लिहायला हवी होती," मी म्हणालो. दुसरे खोटे — आणि तेही मेलेल्या माणसावर.

परवानगी नाकारली, असेच समजून तो गेला. शालिनी एकसष्ट वर्षांची आहे. सुईत दोरा ओवायला तिला आता चार वेळा प्रयत्न करावा लागतो.

मूळ इंग्रजी पत्र आणि त्याचे मराठी भाषांतर, एकही ओळ न गाळता, आज तिच्या मशीनवर ठेवत आहे. वय, घराची अडचण, तिची काळजी — यांपैकी कोणताही बचाव मी घेत नाही. क्षमेचा अर्जही नाही. तिने मला जाब दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारावा. आणि मी तेथेच, उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल असे उत्तर द्यावे.