हात न लावायचा पट्टा

मामीचं शेत खाडीच्या पातळीपेक्षा खाली होतं. खारेपाटात यात नवल नाही. पाणी वर, भात खाली आणि मध्ये मातीचा बांध, अशीच तिथली शेती. बांधाला एका जागी उघाडी असते, म्हणजे दगडी मोरी आणि तिच्या तोंडाशी लाकडी फळ्या. पावसाचं गोडं पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. मामीच्या गावची उघाडी लष्करी तळाच्या कुंपणात होती.

तळ आला तेव्हा कुंपण सरळ रेषेत घातलं गेलं आणि बांध वळणाचा होता. त्याचं शेवटचं टोक उघाडीसकट आत राहिलं. त्यावरून कधी भांडण झालं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव फावडी-घमेली घेऊन फाटकाशी जाई, पहारेकरी डोकी मोजून आत सोडी, दुपारी आतून चहाची किटली येई. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एक अधिकारी बदलून जाताना दुसऱ्याला सांगून जात असावा.

तो दिवस ठरलेला होता, त्याला कारण होतं. दसरा दशमीला येतो. त्या सुमारास भरतीचा जोर सर्वांत कमी असतो. त्याला तिकडे भांग म्हणतात. पुढे कोजागिरी, म्हणजे उधाण. मधल्या चार दिवसांत पावसाने झिजलेला बांध भरायचा आणि कुजलेल्या फळ्या बदलायच्या. शेतात तेव्हा भात दाण्यावर आलेलं असतं.

चिखलाचे गोळे हातोहात जायचे. रांग शेतांच्या क्रमाने उभी राही. ज्या घरात पुरुष नाही, तिथून बाई येई. मामा गेल्यावर मामी त्याच्या जागी उभी राहू लागली. तिचा मुलगा ट्रेलर चालवायचा, बहुतेक दिवस न्हावा-शेवा आणि गुजरातच्या मध्ये कुठेतरी. ज्याचं शेत खारं झालं, त्याला रांगेत जागा नसे. त्याला कोणी हाकलत नसे. तोच येत नसे.

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. निवृत्तीनंतर अलिबागला राहून मी मजकूर तपासण्याची आणि भाषांतराची कामं घेत होतो. त्यातलं एक या तळाचं निघालं. तळाचा पर्यावरण आराखडा तयार होत होता आणि त्याची मराठी प्रत आसपासच्या गावांना द्यायची होती.

आराखडा चांगला होता. छपरांवर सौर पट्ट्या, सांडपाणी शुद्ध करून बागेला, टँकरच्या फेऱ्या कमी, प्लास्टिक बंद. समुद्राची पातळी वाढेल हे धरून सखल भागातली गोदामं टेकडीकडे हलवायची होती. हे काम पाहणारा अधिकारी तरुण होता, मराठी होता आणि घाटावरच्या दुष्काळी भागातला होता. पहिल्याच भेटीत त्याने मला खिडकीतून खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, दाखवली.

"आमच्याकडे एक लिंब जगवायला आई डोक्यावरून हंडे आणायची," तो म्हणाला. "इथे माणसाने फक्त बाजूला व्हायचं. झाडं आपली आपण येतात."

खाडीकाठचा पट्टा त्याने याच विचाराने आखला होता. तिथे खोदायचं नाही, भराव टाकायचा नाही, माणसांनी जायचं नाही. त्यासाठीच्या जड शब्दाला मी मराठीत 'हात न लावायचा पट्टा' असं लिहिलं. त्याला ते आवडलं. नकाशात हा पट्टा हिरव्या रंगाचा होता. बांधाचं टोक आणि उघाडी त्या हिरव्यात होती.

गावकऱ्यांशी बैठक आषाढात झाली, शाळेच्या वर्गात. बाहेर पाऊस होता आणि बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. अधिकाऱ्याने नकाशा फळ्यावर लावला, हिरव्या पट्ट्यावरून छडी फिरवली आणि सांगितलं, की इथे यापुढे कोणीही काहीही करणार नाही, आम्हीसुद्धा नाही. मग म्हणाला, "तुमची काही अडचण असेल तर आत्ता मोकळेपणी बोला. नंतर आराखडा वर जाईल."

लोक बोलले. ट्रकांनी रस्ता उखडला होता. तळावरची भटकी कुत्री गावात येत होती. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "साहेब, तुमचा भोंगा वाजला की आमची म्हस दूध चोरते. एकतर भोंगा बदला न्हायतर म्हस." सगळे हसले, अधिकारीही हसला. गावकीचे पंच, एक म्हातारे आजोबा, पहिल्या बाकावर होते. ते छडीकडे पाहत होते. बांधाचं नाव कोणी काढलं नाही. मामी बायकांमध्ये बसली होती. तीही बोलली नाही.

बैठक संपल्यावर मी तिच्या घरी गेलो. तिने चहा टाकला.

"मामी, उघाडी त्या हिरव्यात जाते. कोणी बोललं कसं नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाजवळ चपला घालून गेलो होतो. "आखाडात बांधाचं नाव काढतात व्हय? पेपरात काम करून तुला येवढंबी कळंना?"

मला ते माहीत होतं; विसरायला झालं होतं. पाऊस सुरू झाला की दसऱ्यापर्यंत त्या गावात बांध फुटेल, खचेल, दुरुस्त करायला हवा, असं कोणी तोंडातून काढत नाही. घरातही नाही. बोललं की बांध ऐकतो, असं समजतात. पावसात बांधावर फेरी मारून आलेला माणूससुद्धा 'बरा हाय' एवढंच सांगतो.

"पण साहेब विचारत होता," मी म्हणालो.

"त्याला काय ठाव? दसरा झाला की जातोच की आपण फावडी घेऊन. ते बघंल तवा कळंल त्याला."

तिच्या डोक्यावर, माळ्याच्या वाशाला एक मुडा टांगलेला होता. पेंढ्याच्या दोराने घट्ट वळलेला, कलिंगडाएवढा. त्यात रात्याचं बी होतं. राता हे तांबडं भात थोडं खारं सोसतं. त्याचं बी दुकानात मिळत नाही, घरचंच राखावं लागतं. पेरणीला लागेल त्याहून थोडं जास्त ती ठेवी. पहिलं बी वाहून गेलं तर दुसऱ्यांदा टाकायला. त्या वर्षी पेरणी चांगली झाली होती, म्हणून मुडा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्याला उघाडीबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काल का नाही सांगितलं?" मी कारण सांगितलं. तो हसला नाही. "ठीक आहे. गावाकडून दोन ओळींचं पत्र आणा. बांध दुरुस्त करावा लागतो, आत येऊ द्या, एवढंच. मी पट्ट्यातून तेवढी जागा वगळतो."

पंचांकडे मीच गेलो. ते ओटीवर जाळं विणत बसले होते.

"देऊ की पत्र," ते म्हणाले. "दसरा होऊ दे."

"तोवर आराखडा वर जाईल, आजोबा."

"मग काय लिहू मी? बांध फुटंल म्हणून लिहू? पाऊस उभा हाय बाहेर." त्यांनी सुतळी दातांनी तोडली. "तुझ्या मामीचं शेत सगळ्यांत खाली. लिहू? तिला विचारून ये."

मी मामीला विचारलं. तिने नको म्हटलं.

आराखडा गणपतीच्या आधी वर गेला आणि मंजूर होऊन आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव नेहमीप्रमाणे फाटकाशी गेलं. मी मामीबरोबर होतो. तिने नवा दांडा बसवलेलं फावडं घेतलं होतं. पहारेकरी नवा नव्हता, तो माणसांना ओळखत होता. त्यानेच सांगितलं, की आता त्या बाजूला कोणालाच सोडायचं नाही, जवानांनाही नाही. लोकांना वाटलं, तो थट्टा करतोय. एक जण म्हणाला, "चहा वाचवताय काय?" पहारेकऱ्याने मान हलवली.

अधिकारी बाहेर आला. तो उन्हात तिथेच उभा राहिला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. आता पंच बोलले, बाकीचे बोलले, एकमेकांच्या आधी बोलले. दसरा झाला होता. मोरीतून पाणी पाझरत होतं, दोन फळ्या कुजल्या होत्या, बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली होती. हे सगळं त्यांना आषाढापासून माहीत होतं.

"मी आजच वर कळवतो," तो म्हणाला. "पण मंजूर झालेल्या पट्ट्यात मला माझ्या अधिकारात कुणाला पाठवता येत नाही. थोडे दिवस द्या."

"दिवस आमच्याकडं न्हाईत, साहेब," मामी म्हणाली. "कोजागिरी आली."

त्याने कळवलं. त्याने पुन्हा पुन्हा फोन केले, हे मला त्याच्या हाताखालच्या कारकुनाने नंतर सांगितलं. लोक रोज फाटकाशी जाऊन बसत आणि भरती चढू लागली की उठून येत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला. आवाज वगैरे काही झाला नाही. मोरीशेजारची माती बसली, फळ्या सुटल्या आणि खाडी आत आली. आम्ही गावच्या बाजूच्या बांधावर उभे होतो. पाणी आधी मामीच्या शेतात शिरलं. दाणा धरलेलं भात काही वेळ वर दिसत होतं, मग फक्त कुसळं, मग तीही नाहीत. अधिकारी कुंपणाच्या पलीकडे बूट चिखलात रुतवून उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

बांध लगेच बांधला असता तर जमीन परत मिळाली असती. पावसाने धुतली की ती पुन्हा गोडी होते. गावाने हे आधी पाहिलेलं होतं. पण तिवरांचं बी नेमकं त्याच दिवसांत गळतं आणि पाण्यावर तरंगतं. ते रोजच्या भरतीबरोबर भगदाडातून आत आलं. दुरुस्तीची परवानगी होळीच्या सुमारास आली, तेव्हा मामीच्या शेतात वीतभर रोपं उभी होती. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. बांध घातला की भरती थांबते आणि रोपं मरतात. म्हणून परवानगीच्या शेवटी अट होती, की रोपांना इजा होता कामा नये. अधिकाऱ्याने ती मला वाचून दाखवली आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. उन्हाळ्यात त्याची बदली झाली. जाण्याआधी तो मामीकडे आला होता. तिने त्याला पाणी दिलं. तो काय बोलला ते तिने सांगितलं नाही. "लेकरू बरं होतं," एवढंच म्हणाली.

पुढच्या पावसात तिने मुडा उतरवला, उन्हात ठेवला आणि पुन्हा टांगला. पलीकडच्या गावात कोणी बी नेतं का, ते तिने विचारून पाहिलं. तिथल्या लोकांनी जमिनी विकल्या होत्या, नाहीतर पिशवीतलं बियाणं आणत होते. भाताचं बी फार थांबत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते उगवेल याची खात्री नसते. त्या दसऱ्याला रांग लागलीच नाही. नवा पहारेकरी फाटकाशी एकटा होता.

त्यानंतर माझ्याकडे आराखड्याचा आढावा मराठी करण्यासाठी आला. खाडीकाठच्या पट्ट्याला त्यात पूर्ण पान होतं. फोटो उंचावरून घेतलेला, खालचा भाग दाट हिरवा. त्याखाली मी लिहिलं : 'खाडीकाठी तिवरांची नैसर्गिक वाढ. कोणतीही लागवड केलेली नाही.' दोन्ही वाक्यं बरोबर होती. फोटोच्या कोपऱ्यात हिरव्यातून एक सरळ फिकट रेघ जात होती. तो मामीच्या आणि शेजाऱ्याच्या शेतामधला जुना बांध होता.

आढावा गावात वाटला गेला त्या आठवड्यात मी मामीकडे जेवायला गेलो. तिने आढाव्यातलं ते पान मागितलं, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हितून तुझा मामा न्याहारीला यायचा," ती म्हणाली. मग विचारलं, "खाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"खरं हाय," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

ताटात तांबडा भात होता. जाड, थोडा चिकट, वर बोंबलाचं कालवण. रात्याचा भात मी तिच्याकडे लहानपणापासून खाल्लेला आहे. त्याचा वास ओळखता येतो. मी वर पाहिलं. वाशाला दोरी होती. मुडा नव्हता.

"मामी, बी शिजवलंस?"

"मग काय करू? तिवरांत पेरू?" तिने भातावर कालवण ओतलं. "न्हाय उगवायचं आता ते. खा, गार होतंय."

ती समोर बसली. तिने स्वतःच्या ताटातही तोच भात घेतला होता. तिने शेवटी बोटाने ताट निपटलं, एकही शीत राहू दिलं नाही, आणि माझ्या ताटात राहिलेली शितंही खायला सांगितली.