पाहुण्याला कुलूप

सांगते, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माझा हा पराक्रम ऐकताना मागे एकाला ठसका लागला होता!

आमच्या शेजारची अक्षता. पेडण्यात आमची दोन घरं, मध्ये नुसतं कुंपण. तिच्या वडिलांची, अण्णांची नजर गेली, तेव्हा पोरीने कॉम्प्युटरवर असं काही जुळवलं की मराठी पेपर मोबाइलसमोर धरला की तो घडाघडा वाचून दाखवतो. अण्णा आता सकाळी चहात उंडो पाव बुडवत आधी मयतांच्या जाहिराती ऐकतात.

मी काही चौकस बाई नाही हां. पण तिचं जनेल, म्हणजे खिडकी, माझ्या स्वयंपाकघरासमोर, त्याला मी काय करू? एकदा तिथूनच ती ओरडली, "काकी गो, जर्मनीतल्या एकाने माझा सगळा प्रोग्रॅम उतरून घेतला!" आणि नाचायला लागली.

"मग पोलिसांत जा! नाचतेस काय?"

"अगो, मीच ठेवलाय तसा. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा, पुढे द्यावा. तसं लायसन्सच लिहून दिलंय."

लायसन्स मला गाडीचं ठाऊक. डोक्यात एवढंच बसलं: पोर भोळी, लोक लुटताहेत.

पण सगळ्यांना वाटून तिचं पोट कसं भरणार? बेंगळुरूची नोकरी चालून आली होती. आशा एकच. पुण्याची एक संस्था असल्या सगळ्यांच्या उपयोगी कामाला वर्षभर पोसते. त्यांचे साहेब शनिवारी येऊन बघणार आणि तिथल्या तिथे सांगणार. नाही म्हणाले, तर सोमवारी पोर बेंगळुरूला आणि अण्णा एकटे.

शनिवारी अण्णा साखळीला बहिणीकडे. अक्षता स्कूटर घेऊन मोप्याच्या विमानतळावर, साहेबांना आणायला. घराची चावी नेहमीसारखी माझ्याकडे.

"काकी, लक्ष ठेव हां."

मला हे सांगायचं नसतं हो!

ती गेली आणि थोड्या वेळात फाटकाशी पायलट थांबला. विमानाचा नव्हे, आमचा भाड्याचा मोटारसायकलवाला. मागून उतरला एक दाढीवाला. पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. पुण्याचे साहेब मी सुटाबुटातले धरले होते, म्हणजे हा ते नव्हे.

"अक्षता इथेच राहते ना? तिच्या प्रोग्रॅमसाठी आलोय."

"तुम्हाला काय ठाऊक त्यातलं?"

"सगळं! मी तो उतरून घेतला, थोडा बदलला, चार जणांना वाटलासुद्धा."

तोंडावर कबुली! वर हसतोय!

"या, या, माझ्याकडे बसा. येईलच ती," म्हणत मी त्याला घरात बसवलं. चहा दिला. चोर झाला तरी दारी आलेला. मग बाहेर आले, दाराला कुलूप घातलं आणि दिराला फोन केला. माझा दीर विठू हवालदार आहे. "भावोजी, चोर धरलाय. धावा!"

जनेलातून आवाज आला, "काकी, बाहेरून कुलूप लावलंत?"

"माकडं हो. इथे माकडं फार."

"संध्याकाळी माझं परतीचं विमान आहे. अक्षता फोन घेत नाहीये..."

घाईत ती फोन घरीच विसरली होती, हे मागाहून कळलं. तेव्हा मला वाटलं, बघा, पळायला टपलाय! विठू येईपर्यंत याला बोलण्यात गुंतवायला हवा. अंगणात मिरच्या सुकत होत्या. मूठभर घेऊन जनेलापाशी गेले.

"ही हरमलची मिरची. बी घेऊन जा. पण आमच्या सासूबाईंचा नेम आहे. बी नेणाऱ्याने पुढच्या वर्षी दोन घरांना द्यायचं. पीक जास्त चांगलं आलं तर काय केलं तेही सांगायचं. लपवून ठेवणाऱ्याने आमच्या दारी परत यायचं नाही!"

तो पिशवीतून वही काढून भराभर लिहायलाच लागला. म्हटलं, हा आपणच जबानी देतोय की काय?

तेवढ्यात विठूची जीप आणि अक्षताची स्कूटर एकदमच फाटकात. पोरीचा चेहरा रडवेला. "काकी, साहेब भेटलेच नाहीत गो. विमान केव्हाच येऊन गेलेलं. रागावून परत गेले असणार. संपलं सगळं."

आणि जनेलाच्या गजांमागून, "अक्षता, मी इथे आहे!"

अरे देवा, हेच साहेब! कुलपात चावी जाईना. शेवटी विठूने ती हिसकावून दार उघडलं.

साहेब बाहेर आले. घड्याळ बघितलं. अक्षता खाली बघत उभी.

"मला तासभर कोंडलं," साहेब म्हणाले, "का, तर मी तुझा प्रोग्रॅम घेतला म्हणून."

मी देवीला नारळ बोलले.

मग त्यांनी वही उघडली. "असं काम सगळ्यांना वाटल्याने वाढतं, हे समजावत मी गावोगाव फिरतो. कोणाला पटत नाही. काकींनी मूठभर मिरच्यांवर समजावलं. तुझं लायसन्स यांच्या सासूबाईंनी कधीच लिहून ठेवलंय, पोरी. वर्षभर इथेच काम कर. आमचा होकार."

पोर राहिली! प्रोग्रॅमला मदत करणाऱ्यांच्या यादीत तिने माझंही नाव घातलं. मी वाड्यावर पेढे वाटले. एका सकाळी ओसरीवर चार माणसं बसलेली असताना अण्णांच्या मोबाइलने ती यादी घडाघडा वाचली.

"शालन काकी, पेडणे. पाहुण्याला कोंडून परीक्षा घेतली."

"पूस ते! आत्ताच्या आत्ता पूस!"

"माझ्याकडचं पुसते गो. पण ज्यांनी उतरून घेतलं त्यांच्याकडचं कसं पुसू? लायसन्सच तसं आहे."

जर्मनीवाल्याने म्हणे ते त्याच्या भाषेत केलंय. आणि नेमाप्रमाणे सुधारणाही केलीय. साहेबांकडून ऐकून खाली माकडांची गोष्ट जोडलीय.