रिकामा बिल्ला

कापसाची साडेसाती चालू होती, त्या वर्षांत यवतमाळजवळच्या एका कॉलेजात मी कपाशीच्या रोपांवर संशोधन करत होतो. रोपांना किरणोत्सारी फॉस्फरस पाजायचा आणि तो पानांत किती चढतो ते मोजायचं. बाहेर पीक हातचं जात होतं, त्यामुळे आमच्या प्रयोगाला भारी मान होता आणि मीही फुशारलो होतो. सुरक्षेचा प्रमुखही मीच.

प्रयोगाच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असे. आतली पट्टी दर तीन महिन्यांनी तपासायला जाई, मग कुणाला किती किरणं लागली ते कळे. बिल्ला फक्त मोजतो, वाचवत नाही, हे मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेई. फरशी पुसणाऱ्या बाईला कोण सांगणार? ती रोजंदारीवर, यादीत तिचं नावच नव्हतं.

ती नेर गावाकडची होती. अंगावर पिणारं लेकरू सासूजवळ ठेवून यायची. एकदा तिनं विचारलं, "सर, मीबी त्याच खोलीत पुसून राह्यली. मले काहून नाही बिल्ला?" यादीत नाव घालायचं म्हणजे अर्ज, सह्या, वरिष्ठांची कटकट. मी ड्रॉवरमधला एक जुना बिल्ला तिला देऊन टाकला. आत पट्टी नव्हती. ती तो रोज पदराला लावून येऊ लागली. स्टाफरूममध्ये ही गंमत सांगून मी हशाही मिळवला. लिहितानाही लाज वाटते.

एका दुपारी एका विद्यार्थिनीच्या हातून द्रावणाचं भांडं कलंडलं. सगळे मागे सरले. मी हातमोजे शोधतोय तोवर बाई फडकं घेऊन खाली बसलीसुद्धा. "हटा ना बाप्पा, माह्याजवळ बिल्ला हाय." उघड्या हातांनी तिनं सगळं पुसलं, फडकं पिळलं. थांब म्हणालो असतो, तर का तेही सांगावं लागलं असतं, वर्गासमोर. मी हातमोजेच शोधत राहिलो.

तिला तीनदा साबणानं हात धुवायला लावले, एवढंच केलं. मग तिनं बिल्ला काढून माझ्यापुढे धरला. काही आलं का यात, पाहा म्हणाली. मी तो उजेडात धरला, वाचता येत असल्यासारखा निरखला आणि काही नाही म्हणून सांगितलं. किरणं मोजायचं यंत्र टेबलावरच होतं. तिच्या बोटांजवळ नेलं असतं तर त्याची टकटक सगळ्यांनी ऐकली असती. मी ते बंद केलं.

"मंग लेकराले जवळ घेतलं तं चालते नं, सर?"

चालते, मी म्हणालो.