कॅमेरे सोडून डिस्क नेणारा चोर

ती फिर्याद माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मी कोथरूडला निरीक्षक होतो. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक फोटोग्राफर सकाळीच ठाण्यात आला आणि स्टुडिओ फोडला म्हणाला. पंचनाम्याला गेलो तर दाराचं कुलूप तुटलेलं, महागडे कॅमेरे कपाटात जागच्या जागी, आणि गेलं काय, तर टेबलावरची एक हार्ड डिस्क! सगळी नोकरी चोर बघण्यात गेली. सोनं सोडून डबा नेणारा चोर मला भेटला नव्हता. तरी गुन्हा दाखल केला. फिर्यादीला पहिल्याच दिवशी खोटं ठरवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरची एक नुकतंच लग्न झालेली मुलगी आली. तिचं लग्न त्याच डिस्कवर होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील हृदयविकाराने गेले होते. त्यांचा चालता-बोलता व्हिडिओ दुसरीकडे कुठेच नव्हता.

"साहेब, चोर नाही सापडला तरी चालंल," ती म्हणाली. "डिस्क तेवढी शोधा. मला आबांचा आवाज ऐकायचाय."

मला गलबलून आलं. डिस्कचा क्रमांक शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानांना कळवला होता, तिथे मी पुन्हा माणसं पिटाळली. आठवडाभरात खबर आली. मंडईजवळ बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारा एक दुकानदार आहे, त्याचा फोन होता. "साहेब, तुमची डिस्क आली आहे. आणणारे म्हणतात, घरगुती आहे. घरगुती डिस्कवर इतक्या नवरदेवांची नावं चिकटवलेली मी प्रथमच पाहिली."

आम्ही पोहोचलो, तर काउंटरपाशी फिर्यादीच उभा!

त्याला बसवलं, पाणी दिलं. "आता खरं बोला," म्हटलं. माणूस आधीच अर्धा मेलेला होता. त्याने सांगितलं, त्याचाच पाय वायरीत अडकून चालू डिस्क खाली पडली होती. आतून टकटक आवाज येत होता, तरी तो ती पुन्हा पुन्हा चालू करत राहिला. शेवटी कुलूप स्वतःच तोडलं.

"पण चोरीचं नाटक कशाला?"

"साहेब, चोरी झाली म्हटलं की लोक हळहळतात. माझ्या हातून पडली म्हटलं की चपला काढतात."

माझा पारा चढला. "अहो, लोकांची लग्नं तुम्ही एकाच डब्यात ठेवलीत?"

दुकानदार डिस्क तपासून म्हणाला, "हार्ड डिस्क स्वस्त, जागाही भरपूर. पण आत तबकडी फिरते. फिरताना आपटली की संपलं. यांनी चालू करकरून ती पार खरवडली आहे. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, वेगही जास्त, पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त, आणि पुसलेलं सहसा परत मिळत नाही. पेन ड्राइव्ह खिशात मावतो, म्हणून पँटीबरोबर धुतलाही जातो. क्लाउडला स्टुडिओ जळाला तरी फरक पडत नाही, पण भाडं थकवून चालत नाही. यांनी यातल्या कशावरही दुसरी प्रत ठेवली असती तरी चाललं असतं."

मी विचारलं, "त्या लोणी काळभोरच्या मुलीच्या लग्नाची, कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं कुठे आहेत?"

"फॉरमॅट करून पुढच्या लग्नांना वापरली. एका कार्डावर मात्र नंतर फक्त एक बारसं झालं."

दुकानदार ताडकन उठला. "त्याला हात लावू नका! फॉरमॅटने बहुतेक वेळा नुसती यादी पुसली जाते. वरून नवीन भरलं नसेल, तर जुनं आत असतं."

कार्ड पंचनामा करून ताब्यात घेतलं. आमच्या सायबर विभागाने त्यातून निघेल ते काढलं. मुलीला बोलावून घेतलं. फोटोग्राफरने तिला सगळं खरं सांगितलं, हात जोडले. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बऱ्याच क्लिप तुटक निघाल्या. मग एकीत फेटा बांधलेले आबा आचाऱ्यावर ओरडताना दिसले. "मठ्ठा कोमट हाय! बर्फ कुठंय?" तेवढ्यात त्यांचं कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं. "अरं, माझं काय काढतोय? पोरीचं काढ जा. मी हाय की रोजच."

मुलगी हसली आणि हसता हसताच रडू लागली. थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "साहेब, याच्या दोन कॉप्या द्या. एक आईकडं ठेवते."

खोटी माहिती दिल्याबद्दल फोटोग्राफरवर कारवाई झाली. ती मी सोडणार नव्हतोच. कुठलं साधन चांगलं, असं लोक आता मला विचारतात. मी सांगतो, कुठलंही घ्या, पण दोन घ्या आणि दुसरं दुसऱ्या घरात ठेवा. आणि लग्नाची वाट न बघता घरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं आजच रेकॉर्ड करा. ते "माझं कशाला" म्हणतील. ऐकू नका.