दाराचं क्रीम वेगळं होतं

समजा, तुमच्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एक गाडी आहे. बाहेरून तिला फिकट निळा रंग देऊन झालाय. आतून मात्र ती अगदी उघडीबोडकी आहे. सीटा काढलेल्या, दारांचा आतला पत्रा दिसतोय, छताच्या जागी नुसत्या पट्ट्या. आता आतलं चामडं तुम्हाला निवडायचंय. समोर टेबलावर सात तुकडे आहेत आणि सातही क्रीमच. तुम्ही काय कराल? बहुतेक एकेक तुकडा उचलून तळहातावर घ्याल आणि म्हणाल, हा छान आहे.

इथेच तुम्ही टाकेदादांच्या नजरेतून उतरलात.

"रंग हातावर बघायचा असतो का?" ते विचारतील. "हात बसणार आहे गाडीत?" मग ते तो तुकडा घेऊन दाराच्या पत्र्याला लावतील, दार अर्धं उघडतील, दोन पावलं मागे येतील. मग तुकड्याला घडी घालतील, कारण सीटवर चामडं सपाट राहत नाही, वळतं, आणि वळणाच्या आत रंग गडद होतो. मग ट्यूबलाइट बंद करून पुन्हा उन्हात बघतील. एवढं झालं की तुम्हाला त्या सातांतले पाच तरी आपोआप नकोसे झालेले असतात.

टाकेदादा जुन्या गाड्यांची आतली सजावट करतात. चाळीस वर्षं हेच काम. त्यांची शिवण इतकी सरळ असते, की नाव मागे पडलं आणि टाकेच चिकटले. मी त्याच आवारात पलीकडच्या शेडमध्ये गाड्यांचा बाहेरचा रंग कालवते. शिक्षण रंगाच्या रसायनाचं. माझ्याकडे रंग मोजायचं यंत्र आहे, मुठीत मावणारं. नव्याने आले तेव्हा मी ते मोठ्या हौसेने दादांना दाखवलं. ते म्हणाले, "छान आहे. पण एक सांग, याला कधी गाडीत बसून कंटाळा येतो का? नाही ना? मग याला काय कळणार कुठला रंग किती वेळ सोसवतो ते."

पूर्वी या शेडमध्ये दोघे भाऊ होते. दादा रंग ठरवायचे, कापायचे, शिवायचे. धाकटा स्प्रिंगा बसवायचा, फोम भरायचा, शिवलेलं कव्हर सीटवर चढवायचा. दादा मोजकं बोलणारे, धाकटा बोलघेवडा. गिऱ्हाईक आलं की धाकट्याने आधी त्याला सीटवर बसवायचं आणि म्हणायचं, "हलू नका साहेब, दादा तुमचं माप घेतायत. गाडीचं झालंय, आता मालकाचं." कामाच्या वेळी दोघांना एकमेकांना काही सांगावं लागत नसे. दादांनी हात पुढे केला की कात्री हातात. धाकट्याने मान वाकडी केली की दादा शिवण उसवायला घेत.

त्यांच्याकडे नमुन्यांची एक जाडजूड वही होती, अजूनही आहे. प्रत्येक गाडीला एक पान. दादा पेन्सिलीने चामड्याचा नंबर लिहायचे, धाकटा व्यापाऱ्याकडून तो माल आणायचा. काम झालं की उरलेला एक तुकडा पानावर स्टेपल करायचा. तुकड्याच्या पाठीवर व्यापाऱ्याच्या नंबराचा शिक्का असतोच.

भांडण सात वर्षांपूर्वी झालं, आणि तेही एका निळ्या गाडीवरून. सीटांना बारा नंबरचं क्रीम लावलं आणि ते सीटांनाच संपलं. दारांसाठी आणखी हवं होतं. धाकटा तेव्हा कामात गुंतलेला, म्हणून दादा स्वतः व्यापाऱ्याकडे गेले आणि ढिगातून डोळ्यांनी जुळवून चामडं घेऊन आले. पाठीवरचा नंबर त्यांनी बघितला नाही. नंबर नवशिक्यांनी बघायचा असतो, असं त्यांचं मत. दारं शिवून झाली, बसवून झाली. मालक गाडी न्यायला आला, आणि त्याच्यासमोर धाकटा हळूच म्हणाला, "दादा, दाराचं क्रीम वेगळंय."

"कुठाय वेगळं?"

"बघ ना जरा. सीट पिवळट आहे, दार पांढरं."

"डोळे तपासून घे."

"दादा, एकदा उन्हात..."

"फोम भरणाऱ्याने रंगात नाक खुपसू नये," दादा म्हणाले. गिऱ्हाइकासमोर म्हणाले.

मालकाला फरक दिसला नाही की दिसल्याचं दाखवायचं नव्हतं, कोण जाणे. तो गाडी घेऊन गेला. धाकट्याने हातातली पक्कड खाली ठेवली, हात धुतले. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या गावी सोफे-गाद्या भरायचं काम धरलं. घरातल्या कार्याला भेट झाली तर नमस्कार व्हायचा, पण बोलणं नाही. दोघांच्या बायकांचे फोन मात्र चालू होते. त्यांचं एकमेकींशी काही बिनसलंच नव्हतं.

या वर्षी दादांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी ते न्हाणीघराबाहेर उभे राहून दोरीवरच्या स्वतःच्या बनियनकडे बघत राहिले.

"अगं, ही पांढरी आहे!"

"मग? इतकी वर्षं घासतेय ती कशासाठी?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं असेल, जमतच नाही हिला."

त्यांनी मला बोलावून खेळच दाखवला. डावा डोळा झाकला की भिंत पांढरी, उजवा झाकला की तीच भिंत चहा सांडल्यासारखी. मला अभ्यासात हे होतं. डोळ्याचं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, आणि इतकं सावकाश, की माणसाला पत्ता लागत नाही. पिवळ्या काचेतून बघताना पांढरं काय नि क्रीम काय, सगळं एकाच रांगेत येऊन बसतं. मी हे उत्साहाने सांगत सुटले. दादा आधी हसत होते. मग हसायचे थांबले. मी तरी मध्येच गप्प बसायला हवं होतं.

त्यानंतर महिन्याभरात ती निळी गाडी परत आली. मालकीण नवी होती, एक दातांची डॉक्टर. तिला आतलं सगळं नव्याने करायचं होतं. दार उघडून ती म्हणाली, "आधी कुणी केलं होतं हो हे? अर्धी गाडी दुधाची, अर्धी सायीची. मी दिवसभर दातांच्या छटा जुळवत असते, मला गाडीत बसलं की कवळी आठवते."

दादांनी उजवा डोळा झाकून दाराकडे बघितलं, मग सीटकडे. एकच रंग. मग डावा डोळा झाकला. सीट पिवळट, दार पांढरं.

"मीच केलं होतं," ते म्हणाले.

डॉक्टरीण बिचारी ओशाळली. "नाही म्हणजे, शिवण अगदी..."

"शिवण राहू द्या. रंग चुकला होता. तुम्ही महिनाभर द्या मला."

ती गेल्यावर त्यांनी वही काढली आणि दारापाशी उन्हात बसले. एकेक पान, डावा डोळा झाकून. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी त्याआधीच्या दुसऱ्याच एका गाडीचं पान माझ्यापुढे धरलं. पेन्सिलीने लिहिलेलं होतं बारा. स्टेपल केलेला तुकडा त्यांनी उलटा केला. शिक्का चौदाचा.

"व्यापाऱ्याने चुकीचा दिला असेल," मी म्हणाले.

"अकरा वेळा?"

भांडणाच्या आधीच्या तीन वर्षांत अकरा गाड्या अशा होत्या. दादा लिहायचे एक, धाकटा आणायचा दुसरं. अकराही ठिकाणी धाकट्याचं बरोबर होतं. एका पानावर दादांनी काळं लिहिलं होतं, तुकडा गर्द निळा होता, आणि ती गाडीही गर्द निळी; पिवळ्या भिंगातून दादांना ती काळी दिसली असणार. तीन वर्षं तो व्यापाऱ्याकडे जात राहिला, माल बदलून आणत राहिला, आणि शेडमध्ये येऊन म्हणत राहिला, "घे दादा, तुझं बारा नंबर." फक्त एकदा माल दादांनी स्वतः आणला, म्हणून त्याला तोंड उघडावं लागलं.

त्याच दुपारी दादांनी फोन केला. धाकट्याच्या बायकोने उचलला.

"भाऊजी? तुम्ही?" ती इतकी दचकली, की आधी सगळे बरे आहेत ना, एवढंच विचारत राहिली.

"सगळे बरे आहेत. त्याला दे."

फोन कुणीतरी तळहाताने झाकल्यासारखा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते गादी भरतायत हो. हात खराब आहेत. करतो म्हणाले नंतर."

चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी दादांनी माझ्याकडून पोस्टकार्डाएवढा पत्रा त्या गाडीच्या निळ्या रंगात रंगवून घेतला. क्रीमचे सात तुकडे कापले, पाठीवर एक ते सात आकडे घातले, आणि पत्र्याबरोबर पाकिटात घालून धाकट्याला पाठवले. चिठ्ठी लिहायला घेतली होती. "चि." लिहून झालं आणि पुढे पेन चालेना. कागद तसाच गल्ल्याखाली राहिला.

त्यांनी स्वतः पाच नंबर धरला होता, हे मला माहीत होतं. नव्या डोळ्याने, उन्हात, दाराला लावून. माझ्या यंत्राचंही मत पाचच होतं, आणि आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं म्हणून मी खूश होते.

आठ दिवसांनी पाकीट परत आलं. आत निळा पत्रा, आणि त्याला शिवायच्या जाड दोऱ्याने बांधलेला एकच तुकडा. सहा नंबर. बाकी काही नाही, एक अक्षरही नाही. दादांनी गाठ बघितली. "त्याचीच. दुहेरी मारतो. सोडवताना शिव्या खातो."

"पण दादा, पाच..."

"सहा लावायचा."

सहा लावला. डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या, आत बसल्या, दार ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ बाहेरच आल्या नाहीत. मी खिडकीतून डोकावले. निळ्या पत्र्याची छाया आत उतरत होती आणि त्या छायेत सहा नंबर शांत दिसत होता. पाच तिथे पांढरा पडला असता. हे यंत्राला सांगता आलं नव्हतं, मलाही नाही. धाकट्याने पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यावरून ओळखलं होतं.

दादांनी त्याच्या बायकोला फोन करून सांगितलं, काम झालं, चांगलं झालं. ती म्हणाली, "पाकीट दोन दिवस खिशात घालून फिरत होते. जेवतानासुद्धा काढून ठेवलं नाही." धाकटा तेव्हाही घरातच होता. मागे हातोडीचा आवाज येत होता. दादांनी फोन ठेवायची घाई केली नाही. ती बोलायची थांबली तरी ते तो आवाज ऐकत उभे होते.

आता डोळ्यांचे डॉक्टर डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मागतायत. दादांनी ती दोनदा पुढे ढकलली. काकू चिडल्यात. मी विचारलं तर म्हणाले, "या डोळ्याने बघितलं की ती शेड तशीच दिसते गं. तो होता तेव्हासारखी. पिवळी." मग म्हणाले, "करणारच आहे. पण आधी त्याला एकदा विचारायचंय."

"काय?"

"अकरा वेळा नंबर बदललास, एकदा तरी मला बाजूला घेऊन का सांगितलं नाहीस? मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलास, की मी ऐकणारच नाही हे तुला पक्कं माहीत होतं?"