पुलाच्या पलीकडचं घर

हौसाआत्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. फोनवर कामापुरतंच बोलते. म्हणाली, पुलाचं बघायला साहेबलोक येणार आहेत, सगळ्या खात्यांचे एकदम, तू ये. मी रजा टाकली.

गगनबावड्याला धुकं बघायला आणि गगनगडावर जायला बरेच जण निघतात, आणि वाटेची चौकशी माझ्याकडे करतात. या वेळी मी फिरायला गेले नव्हते, तरी आधी वाटेचं सांगते.

कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून गाड्या सुटतात. सकाळची धरा, दुपारी त्यांचा भरवसा नसतो. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं माझा प्रवास एका मिसळीच्या पैशात झाला. फुलेवाडी आणि बालिंग्याचा पूल मागे पडला की दोन्ही अंगांना ऊस. कारखान्यांचा हंगाम चालू होता, त्यामुळे पुढे उसाच्या जोडट्रॉल्या आणि मागे एसटी, अशी वरात कळे गावापर्यंत चालली. तिथं चहा आणि गरम भजी मिळतात. साळवणच्या पुढे ऊस विरळ होतो, कापलेल्या भाताची खाचरं दिसायला लागतात आणि डोंगर अंगावर येतात. पावसाळ्यात हा रस्ता पुरानं बंद होतो, तेव्हा चौकशी करूनच घर सोडा.

माझ्या शेजारी बसलेले एक काका रुंद झालेल्या रस्त्याकडे बघत कंडक्टरला विचारत होते, की एवढा मोठा रस्ता कुणासाठी. कंडक्टर म्हणाला, बंदराकडचा माल वर यायला आणि इकडची साखर खाली जायला. काका म्हणाले, "आन् आमची वाडी?" कंडक्टरनं तिकिटाचं मशीन पुढच्या माणसाकडे वळवलं.

आत्याच्या फाट्यावर उतरलं की पायी अर्ध्या तासाची कच्ची गाडीवाट आहे, आणि मध्ये ओढा. ओढा म्हणायचं, पण आषाढात तो नदीसारखा येतो. त्याच्यावर पूल उभा राहिला त्याला आता काही वर्षं झाली. अलीकडून पुलावर नीट चढता येतं. पलीकडे मात्र तेव्हा तो हवेतच संपत होता, जमीन माणसाच्या उंचीइतकी खाली. वाडीतल्या लोकांनी तिथं दगड रचून पायऱ्या केल्या होत्या. पूल एका खात्यानं बांधला, पुढचा रस्ता दुसऱ्याकडे होता. त्या जागेत विजेचे खांब होते, नळाची पाइप होती, बाजूला वनखात्याची हद्द होती. प्रत्येकानं दुसऱ्याची हरकत नाही असा कागद मागितला आणि पूल तसाच राहिला.

आत्या त्या दगडांजवळ माझी वाट बघत उभी होती. मी जयभीम केला. तिनं माझी पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली.

जिपा आल्या तेव्हा उन्हं चढली होती. रस्त्याचे, विजेचे, पाण्याचे, जंगलाचे आणि टेलिफोन केबलचे अधिकारी उतरले. त्यांना एकत्र आणणाऱ्या चव्हाणबाई नियोजन विभागाच्या होत्या, वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी टॅबवर नकाशा उघडला. आता दिल्लीपासून तालुक्यापर्यंत सगळी खाती एकाच नकाशावर आपापल्या रेषा काढतात, त्यामुळे कोण कुठं खणणार हे सगळ्यांना दिसतं, असं त्यांनी वाडीतल्या लोकांना समजावलं. पुलापासून एकच पट्टा आखायचा, त्यातून रस्ता, त्याच्याच कडेनं पाणी, वीज आणि केबल. एकदाच खणायचं.

लोकांना ते पटलं. मलाही पटलं. मग बाईंनी टॅब आत्याजवळ नेला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजी, ही रेष तुमच्या घरावरून जातेय."

आत्याच्या दोन खोल्या पुलाच्या अगदी समोर होत्या, बाकीची घरं वर डोंगराला, वरच्या वाडीत. मी विचारलं, रेष थोडी वळवता येणार नाही का. वनखात्याचे अधिकारी म्हणाले, वळवली तर जंगलात शिरते, परवानगीला वर्षं जातील. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आत्यानं मोबदल्याचं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "म्होरं कुठं जाती ही रेष?"

"तुमच्या घरापाशी संपते. वरच्या वाडीचा रस्ता दुसऱ्या योजनेत आहे, तो नंतर होईल."

आत्यानं रेषेच्या टोकावर बोट ठेवलं. "म्हंजे माझ्या दारापातूर रस्ता यायचा, आन् दारच ऱ्हायचं न्हाय. मग कुणासाठी करतायसा ह्यो?"

वरच्या वाडीत पंधरा-वीस घरं आहेत, तिथल्या दोन बायका आमच्या मागेच उभ्या होत्या. आत्या म्हणाली, वरपर्यंत नेणार असाल तर घर देते, नाहीतर नाही. चव्हाणबाई म्हणाल्या, मी आत्ता शब्द देऊ शकत नाही, उद्या गगनबावड्याला या.

दुपारी आत्यानं नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं आणि मिरचीचा खरडा वाढला. भिंतीवरच्या फळीवर छोटी बुद्धमूर्ती होती, तिच्यापुढे अबोलीची फुलं. जेवता जेवता मी म्हणाले, हे सगळं सोड आणि माझ्याकडे कोल्हापूरला चल. तिनं मान हलवली. मग आतोबांचं सांगितलं. आतोबा गेले तेव्हा मी लहान होते, घरात कुणी त्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

भर पावसात त्यांच्या छातीत कळ आली. वरच्या वाडीतल्या चौघांनी त्यांना घोंगडीच्या डोलीत घालून ओढ्यापर्यंत आणलं. पाणी उतरेना. पलीकडच्या काठावर कुणीतरी जीप आणून ठेवली होती, ती इथून दिसत होती. सगळे पाण्याकडे बघत उभे राहिले. जीप दिसत असतानाच आतोबा गेले.

"त्या चौघांची पोरं वर हायत," आत्या म्हणाली. "मी हितं रस्ता घिऊन काय करू एकटा?" आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही गगनबावड्याला गेलो. फाट्यापासून पाऊण तास लागतो. स्टँडजवळ पोह्यांची गाडी लागते, खायचं तिथंच उरकून घ्या. धुकं इतकं होतं की समोरून येणारा ट्रक आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा.

चव्हाणबाई विश्रामगृहाच्या व्हरांड्यात भेटल्या, सोबत ग्रामीण रस्त्यांचे एक अधिकारी होते. वरच्या वाडीचा रस्ता डोंगराच्या दुसऱ्या अंगानं मंजूर झालेला होता, आणि त्यासाठी त्याच ओढ्यावर आणखी एक मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधायची होती. दोन खात्यांनी एकाच ओढ्यावर दोन वाटा काढल्या होत्या, पण ग्रामीण रस्त्यांची रेष त्या एका नकाशावर अजून चढली नव्हती, म्हणून काल रात्री नकाशे शेजारी ठेवेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोरी रद्द केली तर पुलाचा रस्ता वरपर्यंत नेता येत होता. तसा प्रस्ताव त्यांनी तयार केला होता.

"एकच काम म्हणून पाठवतेय," बाई म्हणाल्या. "पण मंजुरी माझ्या हातात नाही. ती नाही आली, तर तुमचं घर जाईल आणि रस्ता तिथंच थांबेल, असंही होऊ शकतं. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं."

मला वाटलं आत्या उठेल. तिनं संमतीचा कागद मला सगळा वाचून दाखवायला सांगितला. वरच्या वाडीचं नाव आलं तिथं पुन्हा वाच म्हणाली. मग बाईंकडे बघून म्हणाली, "तुमी खरं बोलला म्हणून देतो." आणि पेन घेऊन सही केली. तिच्या सहीतलं प्रत्येक अक्षर वेगळं उभं असतं.

तिला बरं वाटावं म्हणून मी तिला घाटाच्या तोंडाशी नेलं. धुकं फाटल्यावर खाली कोकण दिसलं, आणि वळणावळणानं वर येणारे ट्रक. आत्यानं ते बराच वेळ पाहिलं. इतकं सगळं इथून जातं होय, एवढंच म्हणाली. गगनगड बघायचा का, मी विचारलं. नको म्हणाली, घरी कोंबड्या आहेत.

मी कोल्हापूरला परतले. पावसाळ्याआधी घर पाडलं. कोडोलीत दिलेली तिची मुलगी त्या दिवशी येऊन राहिली, मला परीक्षांमुळे जाता आलं नाही. घराचे दगड वरच्या खाचरात नेऊन आत्यानं एक खोली उभी केली, वर अजून पत्राच आहे. मंजुरी आली, पण उशिरा. तोवर पूर्ण पावसाळा रस्ता तिच्या पडलेल्या घरापाशी थांबलेला होता, आणि त्या दिवसांत मला फोन करायला धीर होत नव्हता. पाणी आणि वीज एकाच चरातून गेली. केबलवाले मात्र मागाहून आले आणि कडेचा तुकडा पुन्हा खणला, तेव्हा आत्यानं दिवसभर उभं राहून तो बुजवून घेतला. वरच्या वाडीपर्यंत आता खडी दाबलेली आहे. डांबर व्हायचंय.

लोक विचारतात, असे मोठे आराखडे खरंच खेड्यापर्यंत पोचतात का. नकाशे एकत्र ठेवल्यामुळे एक वाडी जोडली गेली, हे मी पाहिलं. ती जोडायला एका बाईनं मंजुरी यायच्या आधी घर दिलं, हेही पाहिलं. मंजुरी आली नसती तर मी हे कोणत्या तोंडानं लिहिलं असतं, हे मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. वरच्या वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या आणि ॲम्ब्युलन्स थेट तिच्या अंगणापर्यंत गेली.

"माझ्या चुलीवरनंच गेली की गाडी," आत्या म्हणाली.

तुला कसं वाटलं, असं मी विचारलं.

"काय वाटायचं. बाई सुखरूप हाय. पोरगी झालीया. तू कवा येतीस त्ये सांग."