ट्रॅक्टर आणि झाडणीच्या मधे

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी मैदानावरच उभा होतो. फोन त्यांच्या मुलीचा होता. "सर, तात्या गेलं," एवढंच ती म्हणाली. समोर गवत दवानं ओलं होतं, कडेच्या लिंबांची पानं सगळीकडे पसरली होती आणि ती झाडायला कोणी नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते लिहायची लाज वाटते. पण लाज सांभाळून हा लेख लिहिता येणार नाही. पहिला विचार असा आला, की आता हे कुणालाच कळणार नाही.

सोपानतात्या इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. भवानीनगरच्या बाजूला आमचं कॉलेज आहे, तिथल्या मैदानाची देखभाल ते नऊ वर्षं करत होते. त्याआधीचं सगळं आयुष्य उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर ओढण्यात गेलं. मी त्याच कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, मूळचा लोणी भापकरचा, राहायला बारामतीत. मैदान माझ्या ताब्यात, म्हणजे कागदावर माझ्या आणि खरं तर तात्यांच्या. संस्थेच्या अहवालात त्यांच्या मृत्यूचं कारण 'ओल्या गवतावर पाय घसरून झालेला अपघात' असं लिहिलंय. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे आणि ते खोटं आहे.

झाडणी हे नाव तात्यांनीच दिलेलं. तिचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. छोट्या ट्रॅक्टरच्या मागं जोडून ओढायचं ते यंत्र, चाकं फिरली की आतले गोल ब्रश फिरतात आणि कापलेलं गवत, पानं, कचरा उचलून मागच्या कापडी पेटीत टाकतात. यंत्र आलं तेव्हा सोबतचं पुस्तक मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. तात्या लिंबाखाली उकिडवे बसून ऐकत होते. ब्रश किती उंचीवर ठेवायचे हे पुस्तकात आकड्यांत दिलं होतं. मी पट्टी घेऊन मोजायला लागलो तर तात्या सरळ गवतावर आडवे झाले आणि गाल जमिनीला टेकवून ब्रशाखालून पलीकडं बघायला लागले. "गवताचं श्येंडं तेवढं हाललं पायजेत, सर. ह्यो ब्रश खाली गेला तर गवत झाडणार न्हाय, उपटंल." मी आकडा तपासला. त्यांनी लावलेली उंची बरोबर होती. मला जरा रागच आला.

वेगाचंही तसंच. पुस्तकात लिहिलं होतं, सावकाश चालवा. सावकाश म्हणजे किती, हे तात्यांनी ठरवलं. मला त्यांनी शेजारून चालायला लावलं आणि म्हणाले, "बोलत ऱ्हावा." मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कसा हरलो होतो ते सांगत चाललो. जरा वेळानं मला धाप लागली आणि वाक्य अर्धंच राहिलं, तशी त्यांनी ट्रॅक्टरची गती कमी केली. त्या दिवसापासून तोच मैदानावरचा वेग. पेटी भरली की ती रिकामी करण्याची दोरी ट्रॅक्टरवर बसल्या जागेवरून ओढायची, वळण मोठं घ्यायचं, कालव्याच्या बाजूच्या उतारावर आडवं जायचं नाही. गळ्यातला टॉवेल कामाला लागण्याआधी लिंबाच्या फांदीला बांधायचा. ब्रशात सुतळी अडकली तर ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, मग हात आत. त्यांच्या जुन्या सोबत्यांना याची भारी गंमत वाटायची. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काय तात्या, ट्रॅक्टरला खराटा बांधला व्हय?" तात्या म्हणाले, "तुमी निम्मा ऊस रस्त्यावर सांडता. कुनीतरी झाडाय नगो?" टपरीवर सगळे हसले.

पण एका बाबतीत ते हसत नसत. आपल्या भागात ट्रॉली जोडायची पद्धत ज्यानं पाहिलीय त्याला ती सांगायला नको. ट्रॅक्टर मागं येतो, एक माणूस मधे उभा राहून ट्रॉलीचा दांडा हातात धरतो, "येऊ दे, येऊ दे" म्हणत राहतो, भोकाला भोक आलं की पिन टाकतो. हजार वेळा काही होत नाही, म्हणून एक हजार एकाव्या वेळीही माणूस मधे उभा राहतो. तात्यांनी त्यातलं काय पाहिलं होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा विचारलं तर त्यांनी विषय बदलला. मात्र झाडणी जोडताना त्यांची पद्धत उलटी होती. सपाट जागा. झाडणीच्या चाकांना विटा. ट्रॅक्टर दोन हातांवर आणून बंद करायचा, किल्ली काढायची. मग विटा काढून झाडणीच हातानं ओढत ट्रॅक्टरकडं न्यायची, पिन घालायची, पिनीला खालून क्लिप लावायची आणि दांडा हलवून बघायचा. "ट्रॉली जड, तिला ट्रॅक्टरच न्यावा लागतो. ही हलकी हाय. हिला आपन न्यायचं," ते म्हणायचे. "चालू ट्रॅक्टर आन् झाडनीच्या मदी मानूस नगो." मीही नव्या मुलांना हे वाक्य ऐकवायचो, जणू माझंच आहे अशा थाटात.

आता त्यांच्या बोलण्याबद्दल एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तात्यांना मोठ्या माणसाला, म्हणजे त्यांच्या हिशेबानं मोठ्या, नको म्हणता येत नसे. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या." चहा घ्या तात्या? ऱ्हाऊ द्या, सर. नवीन गणवेश शिवून घ्या. ऱ्हाऊ द्या, हाय ह्योच बरा हाय. स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार ठरला तर दोन दिवस माझ्या मागं लागून त्यांनी तो राहू द्यायला लावला. खेळपट्टीवर बूट घालून चढणाऱ्या मुलांना ते मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं "ए, थांब!" ओरडायचे. मला मात्र नऊ वर्षांत त्यांनी कधी 'थांबा' म्हटलं नाही. वयानं मी त्यांच्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान, पण मी सर. सरांना थांबा कसं म्हणायचं?

ती सकाळ स्पर्धेच्या आदल्या दिवसाची. पाहुणे यायचे होते, मांडव उभा राहत होता. आदल्या संध्याकाळी झाडणी अर्ध्यात सोडून तात्यांनी ट्रॅक्टर पाण्याच्या टँकरला लावला होता. पेटी कापलेल्या ओल्या गवतानं गच्च भरलेली, त्यामुळे सकाळी ती दोरीनं उलटेना आणि झाडणी हातानं तसूभर हलेना. तात्या म्हणाले, "आदी पेटी मोकळी करू, सर. फावड्यानं अर्ध्या घंट्यात हुईल." मी घड्याळ बघितलं. सकाळपासून मी सगळ्यांवर ओरडत होतो, मला ओरडायची सवय आहे, माझा धंदाच तो. म्हणालो, "वेळ नाहीये तात्या. मी ट्रॅक्टर मागं घेतो, तुम्ही पिन घाला." ते जागचे हलले नाहीत. तेव्हा मी जे बोललो ते मला रोज आठवतं. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तसं न्हाय ओ, सर," म्हणून ते हसले. आणि मधे जाऊन उभे राहिले.

मी ट्रॅक्टरवर बसलो. मान वळवून बघत होतो, पण मागच्या चाकाच्या मडगार्डाआड ते मला कमरेपासून वर तेवढेच दिसत होते. पलीकडे मांडववाले लोखंडी पाइप उतरवत होते, इंजिनाचा आवाज होताच. "येऊ द्या," तात्या म्हणाले. मी मागं आलो. "येऊ द्या, येऊ द्या." आणखी आलो. मग दांडा वाकडा झाला असावा, किंवा त्यांना अंतर कमी वाटलं असावं. ते काहीतरी म्हणाले. मला शेवटचं 'ऊ द्या' ऐकू आलं. मी ते 'येऊ द्या' ऐकलं आणि क्लच सोडला.

ते 'ऱ्हाऊ द्या' म्हणाले होते.

झाडणी मागं सरकली असती तर कदाचित निभावलं असतं. पण तिच्या चाकांना विटा होत्या. त्यांनीच लावलेल्या, नियमाप्रमाणे.

बारामतीच्या दवाखान्यात ते चार दिवस होते. डॉक्टरांनी हवं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. स्पर्धा पुढं ढकलली गेली. दुसऱ्या दिवशी संस्थेकडून एकजण विचारपूस करायला आला, मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. काय झालं, असं त्यानं विचारलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, सहज बघावं तसं. मग म्हणाले, "वल्या गवतावर पाय सराकला माजा." तो माणूस माझ्याकडं वळला. ट्रॅक्टर कोण चालवत होतं हे त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत होतो. त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "सर, तेवढा अहवाल द्या लिहून." आणि मी दिला. मांडववाल्यांपैकी कुणी नीट पाहिलं नव्हतं, ज्यांनी ओझरतं पाहिलं त्यांना वाटलं तात्याच सांगताहेत म्हणजे तसंच असेल. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले हे सांगून सहानुभूती मागायची नाही. मी व्यवस्थित जेवत होतो. कॉलेजात शोकसभा झाली, तिथे मी बोललो, चांगलं बोललो, लोकांनी डोळे पुसले. सुरक्षिततेचं महत्त्व यावरही दोन वाक्यं टाकली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही आज बोलताना एकदाही समोर बघितलं नाहीत." झोपेत मी "काय? काय म्हणालात?" असं विचारतो म्हणे. सगळं आयुष्य मी खेळाडूंना सांगत आलो, फाऊल झाला की पंचांनी शिट्टी वाजवायच्या आत हात वर करायचा. आणि माझ्या वेळी मी एका मरणाऱ्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलू दिलं. राग येतो. माझा येतो, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तात्यांचाही येतो. एकदा, एकदाच, 'थांबा' म्हणायला काय झालं होतं?

गेल्या शनिवारी मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात ट्रॅक्टरवर कोण होतं, पेटी भरलेली असताना जोडायचा आग्रह कुणी धरला, इशाऱ्याचे शब्द न ठरवता ट्रॅक्टर मागं कुणी घेतला, हे सगळं आहे. हे तुम्ही वाचाल तोवर तो संस्थेत दाखल झालेला असेल आणि त्याचं पुढं जे व्हायचं ते होईल. पण कागद घडी करताना कळलं, की हा आधी दुसरीकडेच वाचून दाखवायला हवा. रविवारी मी वरकुट्याला गेलो.

शालनकाकी, तात्यांची बायको, ओट्यावर मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांनी पोतं पुढं सरकवलं, मी त्यावर बसलो. कागद काढला, पण वाचता येईना, मग तोंडानंच सांगितलं. सगळं सांगितलं. विश्वासाचं वाक्यही सांगितलं. काकींचे हात मेथीत चालूच होते. माझं संपलं तशी त्यांनी पुढची जुडी सोडली. मग म्हणाल्या, "ठावं हाय मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ऐकण्यावर माझा आता भरवसा राहिलेला नाही.

"दुसऱ्याच रातीला सांगितलं हुतं त्यांनी. तुमच्या कानावर नीट पडलं न्हाय म्हनले. मी म्हनलं, मग तुमी खोटं का बोलला? तर म्हनले, सरांचं सरांना सांगू दे. आपन आदी सांगितलं तर त्यांना सांगायला काय ऱ्हाईल?"

"मग काकी, तुम्ही इतके दिवस..."

"मी त्यांना म्हनलं, सर काय सांगत न्हाईत. मोटी मानसं. ते म्हनले, न्हाय, येत्याल. तू बघच." काकींनी निवडलेली मेथी टोपल्यात टाकली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "ह्या ओट्यावर बसून मी वाट बगितली, सर. पाच रविवार मीच खरी ठरत हुते."